एलियाकाकांचा रुसका ट्रॅक्टर

कुठलीही गाडी पूर्ण खोलून परत जोडली की एक-दोन नट हातात उरतातच. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि तो नट कुठला हे कोणालाच आठवत नाही. आमच्या गॅरेजात अशा नटांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. किस्सेही तसेच उरतात. काम संपतं, गाडी जाते आणि मागे काहीतरी राहून जातं. त्या डब्यात सगळ्यात जास्त भर एका ट्रॅक्टरने घातली. नटांचीही आणि किश्शांचीही.

गॅरेज पनवेलला उरण नाक्याजवळ होतं. मालक हनीफभाई, पण त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे. फिटर दामू, राहणार विचुंबे, जातीचा आगरी, अंगाने काडी आणि आवाजाने ढोल. आणि वायरिंगचं काम मी बघायचो.

माझी शाळा नववीत सुटली. त्याचं मला फार वाटत नाही, कारण शाळेत मी आहे की नाही हे तसंही कोणाला कळायचं नाही. बाई हजेरी घ्यायच्या, मी ‘हजर’ म्हणायचो, आणि माझी गैरहजेरी लागायची. आवाजच फुटायचा नाही. गॅरेजात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी उस्तादांनी मला दोनदा नाव विचारलं, मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ते दामूला म्हणाले, “ये लडका सायलेन्सर लावूनच जन्माला आलाय.”

तेव्हापासून माझं नाव सायलेन्सर. आईसुद्धा कधीकधी त्याच नावाने हाक मारायची.

*

ट्रॅक्टर एलियाकाकांचा. काका म्हणजे नेऱ्याच्या रस्त्याला थोडी भातशेती असलेलं जुनं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर. मुंबईला सरकारी ऑफिसात नोकरी करून ते रिटायर झाले आणि राहेलकाकूंना घेऊन गावी परत आले. माणूस भारदस्त. आमच्या गॅरेजाच्या दारातून ते आत आले की मिनिटभर आत अंधार व्हायचा.

ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला, इंग्रजी बनावटीचा. पेट्रोलवर सुरू करायचा, गरम झाला की रॉकेलवर टाकायचा. बॅटरी नाही, सेल्फ नाही. पुढे हँडल घालून फिरवायचं, मग मॅग्नेटो नावाचा डबा स्वतःच करंट तयार करून प्लगला पाठवणार. चालू झाला की स्टोव्हसारखा वास यायचा आणि शेजारच्या चाळीतल्या बायका आपापले स्टोव्ह बघायला आत धावायच्या.

“याचा रोग विचित्र आहे,” काका म्हणाले. “मधेच बंद पडतो. खाली उतरून हँडल मारलं की लगेच चालू. वर बसलो, जरा पुढे गेलो की परत बंद.”

“विकून टाका एलियासेठ,” उस्ताद म्हणाले. “भंगारवाला उचलून नेईल.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. “माझा धाकटा भाऊ रूबेन इस्रायलला गेला, तेव्हा बाबांनी त्याला याच ट्रॅक्टरवरून पनवेल स्टँडवर सोडला. आता इतक्या वर्षांनी तो येतोय. दिवाळी झाली की. प्रत्येक पत्रात विचारतो, तो डबा भंगारात दिलास की नाही? मी त्याला स्टँडवर घ्यायला जाणार. याच ट्रॅक्टरवरून, आणि चालवणार मी.”

उस्तादांनी बिडी विझवली. “सायलेन्सर, मॅग्नेटो खोल.”

*

खोलला, साफ केला, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग नवे टाकले. दामूने हँडल मारलं. ट्रॅक्टर एका फटक्यात सुरू झाला आणि दुपारभर चालू राहिला. दामूने नाक्यापर्यंत फेरी मारली, उस्तादांनी मारली, मीही मारली. काही नाही. घड्याळासारखा.

काका घ्यायला आले. आम्ही तिघांनी दारात उभं राहून त्यांना हात केला. कोपरा वळून ते दिसेनासे झाले आणि आवाज बंद झाला. मग हँडल मारल्याचा आवाज, इंजिनचा आवाज, आणि परत शांतता. मग परत हँडल. असं लांब लांब जात राहिलं.

संध्याकाळी ट्रॅक्टर परत आला. पुढे बैलगाडी, मागे दोराने बांधलेला ट्रॅक्टर, आणि त्यावर स्टिअरिंग धरून बसलेले काका. बैलगाडीवाला आमच्याकडे बघून खूश होता.

दामू म्हणाला, “काका, बैलांना येक घास जास्ती घाला. तेंच्या बापाचा सूड उगवला त्यांनी आज.”

*

मग सगळ्या पनवेलने त्या ट्रॅक्टरचं निदान केलं. चहावाला म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. पंक्चरवाला म्हणाला, रॉकेलमध्ये पेट्रोल आहे. एक रिक्षावाला म्हणाला, गरम होतोय, टॉवेल ओला करून ठेवा. टॉवेल ठेवला. टॉवेल चोरीला गेला.

उस्तादांना मात्र मॅग्नेटोचाच संशय. त्यांची जुनी पद्धत होती, करंट बोटाला विचारायचा. प्लगची वायर काढून बोटाजवळ धरायची आणि हँडल मारायला सांगायचं. झटका बसला की म्हणायचे, “जिंदा आहे.”

आमच्याकडे एक विमा एजंट रोज यायचे, साठेसाहेब. उस्तादांना पॉलिसी विकायची हे त्यांचं कित्येक महिन्यांचं काम होतं. रोज एकच वाक्य, “काय सांगता येतं का माणसाचं, उस्ताद?” त्या दिवशी ते हे वाक्य बोलता बोलता ट्रॅक्टरला टेकले आणि त्यांचा हात नेमका त्या मोकळ्या वायरवर पडला. त्याच वेळी दामूने हँडल फिरवलं.

साठेसाहेबांची चप्पल पायातून निघाली. ब्रीफकेस गटाराच्या काठावर. ते जमिनीवर बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.

उस्तादांनी त्यांना उठवलं, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि फार प्रेमाने म्हणाले, “काय सांगता येतं का माणसाचं, साठेसाहेब?”

मॅग्नेटो जिंदा आहे हे मात्र पक्कं झालं.

*

कामाला वेळ लागत होता त्याला आणखी एक कारण होतं. शुक्रवारी दुपारी उस्ताद नमाजाला जायचे, मग गॅरेज संध्याकाळीच उघडायचं. शनिवारी काकांचा शब्बाथ. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. “मी काम करत नाही, तसा माझा ट्रॅक्टरपण करत नाही.” रविवारी दामूच्या घरी मटण असायचं आणि मटणाच्या दिवशी दामू विचुंब्याची वेस ओलांडायचा नाही.

एकदा काका वैतागून म्हणाले, “अरे, दिवाळी तोंडावर आली. हा नक्की बंद का पडतो?”

दामूने मान वर न करता सांगितलं, “काका, तीन धर्माच्या सुट्ट्या लागू हायत त्याला. सरकारी नोकर पन येवढ्या घेत नाय. चालंल कदी?”

*

एकदा तर आम्ही जिंकलोच होतो. उस्ताद म्हणाले, “या खेपेला एलियासेठना त्रास नको. दामू घरपोच देईल.” दामू ट्रॅक्टर घेऊन गेला आणि मधे एकदाही न थांबता थेट काकांच्या अंगणात पोचला.

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी मलिदा केला. त्यांच्याकडे काही चांगलं झालं की मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. प्रार्थना म्हणून झाली की मग वाटायचं. आम्हा तिघांना बोलावणं होतं. उस्तादांनी आदराने खाल्लं, मी लाजत खाल्लं, दामूने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ट्रॅक्टरवर बसले. अंगणाच्या फाटकातच बंद.

काकू गॅरेजात आल्या. हातात डबा होता, त्यात उरलेला मलिदा. “आता हा परत थोडाच घेता येतो वरच्याकडून,” त्या म्हणाल्या. “खाऊन टाका आणि दुरुस्त करा.”

दामू बोटं चाटत म्हणाला, “काकू, आमी दुरुस्त करू. घाई नका करू तुमी.”

काका मात्र त्या दिवशी हसले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, “तुम्ही चालवलात की चालतो. मी बसलो की बंद. बाबा असताना मी नोकरीला पळालो ना, शेताकडे बघितलं नाही. ओळखतच नाही तो मला.”

दामूने मलिद्याचा डबा बंद करून बाजूला ठेवला.

*

आता गॅरेजातला एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं पटायचं नाही. उस्तादांचा नियम होता की गिऱ्हाइकाने बसायचं ते खुर्चीवर, काम चालू असलेल्या गाडीवर नाही. त्यात काकांसारखा वडीलधारा माणूस. ते दारात दिसले की दामू खुर्ची पुसायचा, मी चहा सांगायला पळायचो. म्हणजे इतक्या वेळा ट्रॅक्टर आला, इतक्या वेळा आम्ही त्याला तपासला, पण काका वर बसलेले असताना एकदाही नाही. आम्ही मान देत राहिलो आणि रोग लपून राहिला.

तो सापडला सिमेंटमुळे. दामू विचुंब्याला खोली बांधत होता. एक दिवस त्याने ट्रॅक्टरची फेरी मारता मारता नाक्यावरच्या दुकानातून सिमेंटची एक गोणी घेतली. मागे ट्रॉली नव्हती, म्हणून मांडीवर घेऊन बसला. रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात ट्रॅक्टर बंद. त्याने गोणी खाली उतरवली, हँडल मारलं, चालू. गोणी मांडीवर घेतली, खड्डा आला, बंद. शेवटी गोणी खांद्यावर घेऊन दामू चालत आला, पांढराफटक, आणि उस्तादांना म्हणाला, “ह्याला सिमेंट चालत नाय. मातीच्या घरातला हाय ना.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं. रस्त्यात राहिलेला ट्रॅक्टर परत आणल्यावर मी त्याच्या सीटखाली आडवा झालो आणि दामूला म्हणालो, गोणी घेऊन वर बस. त्याला ऐकू आलं नाही. मी खुणेने सांगितलं.

तो बसला. सीटची पट्टी खाली वाकली. तिच्या खालच्या बोल्टचं टोक एका जुन्या काळ्या वायरच्या अगदी जवळ आलं, आणि तो खड्ड्यातल्यासारखा जरा उसळला की जाऊन टेकलं. वायरचं कव्हर तिथे झिजून आतली तांब्याची तार दिसत होती. ही वायर मॅग्नेटोची. तिला लोखंड लागलं की करंट प्लगला जायच्या ऐवजी बॉडीत उतरतो आणि इंजिन मरतं. वजन उठलं की सीट वर, वायर मोकळी, सगळं ठीक. आणि हँडल मारायला माणसाला खाली उतरावंच लागतं.

उस्ताद माझ्या शेजारी आडवे झाले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सुभानल्ला.” आणि उठताना म्हणाले, “तू शोधलंस. एलियासेठना तूच सांग.”

*

मॅग्नेटो खोलणं सोपं. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला, ज्यांच्याकडे बघून मला घाम फुटायचा, त्यांना हे सांगणं अवघड. काका-काकू दोघं आली होती. मी वायर दाखवली. काकांनी ती लगेच ओळखली.

“हे तर बाबांचं चोरबटण. रूबेन आणि मी ट्रॅक्टर पळवायचो, म्हणून त्यांनी सीटखाली छुपं बटण बसवलं होतं. ते दाबल्याशिवाय चालू व्हायचा नाही. पुढे बटण काढलं, पण वायर राहिली वाटतं.” ते खूश झाले. “पण ती आपोआप कशी लागते?”

“सीट खाली आली की लागते,” मी म्हणालो.

“काय?”

“सीट खाली आली की.”

“मग सीट खाली कशाने येते?”

मी दामूकडे बघितलं. दामूने उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी आभाळाकडे बघितलं. मी काहीतरी पुटपुटलो. काय ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

“मोठ्याने बोल रे.”

“तो बिचारा काय बोलेल,” मागून राहेलकाकू म्हणाल्या. “मीच बोलते. लग्न झाल्यापासून बोलतेय. रात्री भात कमी खा.”

काकांनी वायरकडे बघितलं, सीटकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. “म्हणजे त्याचा माझ्यावर राग नव्हता?”

“बिलकुल नाही,” उस्ताद म्हणाले.

“म्हणजे मी आणि ती सिमेंटची गोणी सारखेच?”

“नाय काका,” दामू घाईघाईने म्हणाला. “येकटी गोनी नाय. गोनी अनि मी, दोगं मिलून तुमी.”

काका इतके हसले की आम्ही खुर्ची धरून ठेवली. मी ती वायर काढून टाकली, मॅग्नेटोजवळच इंजिन बंद करायचं एक छोटं बटण बसवलं, आणि उस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. त्यांनी गिऱ्हाइकाला हात देऊन गाडीवर बसवलं. काकांनी नाक्याला तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी आम्हाला थांबवावं लागलं, पेट्रोल संपत आलं होतं.

*

रूबेनकाका यायच्या दिवशी आम्ही गॅरेज बंद ठेवलं. काकांनी कोट घातला होता. दामू एका मडगार्डवर, मी दुसऱ्यावर. मागून लूनावर उस्ताद, आणि लूनाला अडकवलेली टोइंगची जाड साखळी. ती कशासाठी हे कोणी विचारलं नाही.

ट्रॅक्टर स्टँडपर्यंत सरळ आला. काका इंजिन बंद करायला तयार नव्हते, म्हणून स्टँडच्या दाराशी तसाच धडधडत उभा. रूबेनकाका हट्टाने एसटीनेच येणार होते. ज्या स्टँडवरून गेलो तिथेच उतरणार, असं त्यांनी कळवलं होतं. मुंबईची गाडी यायची वेळ झाली, टळली, आणखी टळली. शेवटी कंट्रोलरने खिडकीतून सांगितलं, “ती कळंबोलीच्या पुढे बंद पडलीय. स्टार्टर गेलाय.”

काकांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टिअरिंग वळवलं.

बस रस्त्याच्या कडेला उभी होती. प्रवासी ढकलून ढकलून दमले होते. त्यांच्यात फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर टोपी आणि हात काळे झालेले एक गृहस्थ होते. अंगाने आमच्या काकांच्या वरताण. त्यांनी आधी आवाज ऐकला, मग ट्रॅक्टर बघितला, आणि मग त्यावरचा माणूस. टोपी काढली आणि काळे हात तिलाच पुसले.

“एली,” ते म्हणाले. “तू अजून हा डबा भंगारात दिला नाहीस?”

“कुठला डबा?” काका बसकडे बघत म्हणाले. “हा की तो?”

दोघांचेही डोळे भरलेले होते आणि दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते.

“वर येतो,” रूबेनकाका मडगार्डला हात लावत म्हणाले.

“इथे नाही. बसमध्ये बस. तिकीट स्टँडपर्यंतचं काढलंयस ना?”

उस्तादांनी लूनावरची साखळी काढली. काकांनी साखळीकडे बघितलं, मग उस्तादांकडे. “ही कशाला आणली होती, हनीफभाई?”

“अल्लाची मर्जी, एलियासेठ,” उस्ताद म्हणाले आणि वाकून साखळी बांधू लागले.

ड्रायव्हर का-कू करत होता. उस्तादांनी त्याला समजावलं, फक्त थोडं ओढायचं, गाडी गिअरमध्ये टाक, इंजिन लागलं की साखळी सोडून देऊ. सगळे प्रवासी आत बसले. रूबेनकाका पहिल्या खिडकीत. आणि कंडक्टरने, सवयच ती, डबल बेल दिली.

काकांनी क्लच सोडला. सीट खाली गेली. ट्रॅक्टर एकदा हुंकारला, साखळी ताणली गेली, आणि बस हलली. बसमधून शिट्ट्या आल्या. थोडं पुढे, एका वडाजवळ, बसने दोन आचके दिले आणि तिचं इंजिन घरघरून सुरू झालं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. मागून लूनावर उस्ताद हात हलवून थांबायला सांगत होते.

मी वाकून म्हणालो, “काका, बस चालू झाली.”

काका समोर बघत होते.

मग मी छातीत हवा भरली आणि जन्मात ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, “काका, बस चालू झाली! साखळी सोडायला सांगताहेत!” दामू दचकून मडगार्डवरून पडता पडता राहिला. बसच्या खिडकीतून रूबेनकाकांनी मला हात केला.

“सायलेन्सर,” काका म्हणाले, “तुझं बोलणं कधी कोणाला ऐकू येतं का रे?”

आणि त्यांनी रेस वाढवली.